कागद कुणाच्या हातात?

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील तत्कालीन भीमथडी तालुक्यातल्या सुपे या गावी शेतकरी जमले आणि सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चालून गेले. पुढील काही आठवड्यांत पुणे आणि नगर जिल्ह्यांतील गावोगावी तेच घडले. सरकारी दप्तरात या घटनांची नोंद 'दख्खनचे दंगे' अशी झाली. राज्यकर्त्यांनी दिलेले हे नाव क्षणभर बाजूला ठेवून त्या शेतकऱ्यांनी प्रत्यक्षात काय मागितले, ते पाहिले पाहिजे. त्यांनी मागितले ते कागद. कर्जरोखे, खते, गहाणपत्रे. जेथे सावकाराने ते मुकाट्याने हवाली केले, तेथे बहुधा त्याच्या अंगाला धक्का लागला नाही. कागद हाती येताच त्यांची होळी झाली आणि लोक पांगले.

अक्षरशत्रू म्हणून हिणवल्या गेलेल्या त्या माणसांना राज्यव्यवस्थेचे एक मर्म पुरते उमगले होते. जमीन नांगरणाऱ्याची असली तरी न्यायालयात ती कागदाची असते, आणि तो कागद एकाच घरात, एकाच पेटीत, सावकाराच्या कुलपात असतो. शेतकऱ्याजवळ त्याची प्रत नव्हती. किती दिले, किती फेडले, किती उरले, हे सांगणारी एकही ओळ त्याच्या हाती नव्हती. म्हणून त्याच्यापुढे एकच मार्ग उरला होता: जो कागद आपल्याला कधीच दाखवला जात नाही, तो जाळून टाकणे.

परकीय सरकारनेही या घटनेचा अर्थ ओळखला. १८७९ साली आलेल्या दख्खन कृषक साहाय्य कायद्याने शेतकऱ्याच्या खतांची गावपातळीवर नोंदणी सुरू केली. त्याबरोबरच, भरलेल्या रकमेची लेखी पावती, दरसालच्या हिशोबाचा उतारा आणि मागणी केल्यास पासबुक मिळण्याचा हक्क ऋणकोला दिला. कायद्यात उणिवा होत्या, सावकारांनी पळवाटाही काढल्या. परंतु तत्त्व प्रस्थापित झाले. ज्याच्याविरुद्ध नोंद होते, त्याच्या हाती त्या नोंदीची प्रत असली पाहिजे.

आज दीडशे वर्षांनंतर या तत्त्वावर पाणी सोडले जात आहे, आणि तेही प्रगतीच्या नावाने. 'कागदविरहित कारभार' हा केंद्र आणि राज्य सरकारांचा आवडता मंत्र झाला आहे. भ्रष्टाचार जाईल, खेटे वाचतील, झाडे वाचतील, असे सांगितले जाते. या मंत्राची चिकित्सा करणारा माणूस तत्काळ मागासलेला ठरतो. तरीही ती चिकित्सा केली पाहिजे, कारण या व्यवहारात नोंद संपत नाही, शासनाची सत्ताही संपत नाही. संपते ती कष्टकऱ्याच्या हातातली प्रत.

कागदाचे गोडवे नकोत

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. आम्हाला जुन्या दप्तराचे प्रेम नाही. कागदाने या देशातील शूद्रातिशूद्रांना किती नाडले, हे महात्मा फुल्यांच्या वारसांना कुणी शिकवावे लागत नाही. १८८३ साली लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात जोतीरावांनी भट-कुलकर्ण्यांची लेखणी अडाणी कुणब्याचा घात कसा करते, ते निर्भीडपणे उघड केले. कुलकर्णी वतन १९५० च्या कायद्याने गेले. पण दप्तराचा धाक गेला नाही. सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी तलाठ्याच्या दारात तिष्ठणारा शेतकरी आपण पाहिला आहे. रोजगार हमीच्या हजेरीपटांवर मेलेल्या माणसांची नावे आणि गाव सोडून गेलेल्यांचे अंगठे पाहिले आहेत. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली, तीत ५ माणसे दगावली आणि मजलेच्या मजले फायली भस्मसात झाल्या. कागद जळतो, भिजतो, गहाळ होतो आणि गहाळ केलाही जातो.

संगणकाने काही गोष्टी सोप्या केल्या, हेही प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे. १ मे २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाला; १५ रुपयांत तो घरबसल्या मिळू शकतो. ज्याच्याजवळ साधन आहे आणि ज्याची नोंद बिनचूक आहे, त्याचे तलाठ्याकडील हेलपाटे त्यामुळे वाचले. हा लाभ नाकारणे खोटेपणाचे होईल. आमचा आक्षेप यंत्राला नाही. यंत्र आणताना शासन आणि नागरिक यांच्यातील जुना करार गुपचूप बदलला जात आहे, त्याला आहे.

नोंद चुकली कुणाची, फेडायची कुणी?

सातबाऱ्याचेच उदाहरण घ्या. हस्तलिखित उतारे संगणकात भरले गेले तेव्हा असंख्य चुका झाल्या. कुठे एका भावाचे नाव गळले, कुठे क्षेत्राचे आकडे बदलले, कुठे कुळाचा शेरा उतरलाच नाही. सरकारला हे मान्यच करावे लागले. म्हणून तर २०१७ साली गावोगावी 'चावडी वाचन' घेऊन उतारे वाचून दाखवण्याची मोहीम काढली गेली. कल्पना उत्तम होती. परंतु चावडी वाचनाच्या दिवशी जो ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर परजिल्ह्यात होता, जी विधवा माहेरी होती, ज्याला वाचन केव्हा झाले तेच कळले नाही, त्याचे काय?

कायदा काय म्हणतो? महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १५७ प्रमाणे अधिकार अभिलेखातील नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. लेखनप्रमाद दुरुस्त करण्याची तरतूद कलम १५५ मध्ये आहे. म्हणजे चूक केली मजुरीवर बसवलेल्या संगणकचालकाने, तपासली नाही ती महसूल खात्याने. पण अर्ज करायचा, तहसिलाच्या पायऱ्या झिजवायच्या आणि चूक सिद्ध करायची ती मात्र शेतकऱ्याने. ती सिद्ध करायला त्याच्याजवळ पुरावा कोणता? आजोबांच्या ट्रंकेत घडी करून ठेवलेला हस्तलिखित सातबारा, किंवा जुन्या फेरफाराची नक्कल. ज्या कागदाला निरुपयोगी ठरवले, तोच यंत्राच्या चुकीचा साक्षीदार! आता असा विचार करा, की पुढच्या पिढीच्या ट्रंकेत हा कागद नसेल. पडद्यावरील नोंद आज एक आणि उद्या दुसरी दिसली, तर काल ती वेगळी होती हे सामान्य खातेदाराने कशाच्या बळावर सांगायचे?

बदल कुणी, केव्हा केला याची खूण यंत्रात राहते, असे उत्तर दिले जाईल. राहत असेल. पण ती खूण शासनाच्या घरात आहे. सुप्याच्या सावकाराच्या पेटीतही सारे हिशोब होतेच.

याच क्रमात १५ ऑगस्ट २०२१ पासून 'ई-पीक पाहणी' आली. पूर्वी पिकाची नोंद करणे हे तलाठ्याचे कर्तव्य होते. तो बांधावर न जाता चावडीत बसून नोंदी करी, हा आपला जुना आक्षेप होता आणि तो खराही होता. उपाय काय निघाला? शेतकऱ्यानेच मोबाइल घेऊन बांधावर जावे, पिकाचे छायाचित्र काढावे आणि नोंद चढवावी. पुढे मदतीला सहायक नेमावे लागले, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. नोंद झाली नाही तर खरेदी केंद्रावर आणि नुकसानभरपाईच्या वेळी अडायचे ते शेतकऱ्याने. शासनाचे काम नागरिकाच्या खांद्यावर गेले, आणि काम न झाल्याची शिक्षाही त्याच खांद्यावर गेली.

२०१७ ची कर्जमाफी आठवा. ३४,०२२ कोटी रुपयांची घोषणा झाली. कुणाकडे किती कर्ज थकले आहे, याच्या खतावण्या बँकांजवळ तयार होत्या. असे असताना शेतकऱ्याने ऑनलाइन अर्ज करावा, केंद्रावर जाऊन अंगठा द्यावा, असा फतवा निघाला. रात्र-रात्र रांगा लागल्या. बँकांच्या याद्या आणि संगणकातील याद्या यांचा मेळ बसेना, आणि दिवाळीत गाजावाजाने प्रमाणपत्रे वाटल्यानंतरही पैसे खात्यांवर जमा होण्याचे काम रखडत राहिले. धनकोजवळ हिशोब असताना ऋणकोकडून तो पुन्हा मागायचा, आणि त्याने तो नीट भरला नाही म्हणून त्याला वगळायचे, ही कसली पारदर्शकता?

हजेरीपटाची लढाई

कागदाची प्रत हाती आली म्हणजे काय होते, हे या देशातील मजुरांनी दाखवून दिले आहे. १ मे १९९० रोजी राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटना स्थापन झाली. दुष्काळी कामांवर पूर्ण मजुरी का मिळत नाही, या साध्या प्रश्नातून तिने हजेरीपटाच्या नकला मागायला सुरुवात केली. डिसेंबर १९९४ मध्ये कोट किराना येथे पहिली जनसुनावणी झाली. गावासमोर हजेरीपट वाचले गेले, आणि कामावर कधीच न गेलेल्यांची नावे गावानेच ओळखली. १९९६ साली ब्यावर येथे ४० दिवस धरणे धरले गेले. 'हमारा पैसा, हमारा हिसाब' ही घोषणा तेथून देशभर गेली, आणि त्या लढ्याच्या रेट्यातून २००५ चा माहितीचा अधिकार कायदा आला. सही-शिक्क्याच्या नकलेसाठी मजुरांनी दिलेला हा लढा होता, हे विसरता कामा नये.

महाराष्ट्राला हे नवे नव्हते. १९७२ च्या दुष्काळातून उभी राहिलेली, वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजना १९७७ च्या कायद्याने हक्क बनली आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो कायदा अमलात आला. खडी फोडणाऱ्या बायकांना आपल्या कार्यकर्त्यांनी पहिला धडा दिला तो हाच, की मस्टरवर आपले नाव आणि हजेरी स्वतः पाहून घ्या.

आता पुढे काय झाले ते पाहा. राष्ट्रीय रोजगार हमीच्या कामांवर मे २०२२ पासून, २० किंवा अधिक मजूर असतील तेथे, मोबाइलद्वारे हजेरी सक्तीची झाली. १ जानेवारी २०२३ पासून ती सर्व कामांना लागू झाली. दिवसातून दोनदा मजुरांचे छायाचित्र काढून चढवायचे. डोंगरात लहर नाही, छायाचित्र चढले नाही, की दिवसभर उपसलेली माती फुकट. १ जानेवारी २०२४ पासून मजुरीही आधारशी जोडलेल्या खात्यातूनच देण्याची सक्ती आली. त्याआधी, २०२२-२३ या एकाच वर्षात, ५ कोटींहून अधिक मजुरांची नावे जॉबकार्डांवरून वगळली गेली. सरकारनेच हा आकडा संसदेत दिला. यातील काही नावे बनावट, काही दुबार असतील. पण उरलेल्यांतील किती जणांना, 'तुमचे नाव वगळत आहोत, हरकत असल्यास सांगा' अशी एका ओळीची नोटीस हाती मिळाली?

एवढे करून बनवेगिरी थांबली का? जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयालाच परिपत्रक काढावे लागले. कामाशी संबंध नसलेली छायाचित्रे, छायाचित्रांचीच काढलेली छायाचित्रे, दोन वेळा वेगवेगळी माणसे, असे प्रकार सर्रास चालले असल्याची कबुली त्यात होती. उपाय म्हणून, चढवलेले प्रत्येक छायाचित्र ग्रामपंचायतीत माणसांनी तपासावे, असा आदेश निघाला. चोराने नवे यंत्र महिन्याभरात आत्मसात केले. मजूर बाई मात्र लहर शोधत टेकडीवर उभी राहिली. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने रोजगार हमीच्या जागी नवा कायदा मंजूर केला. बायोमेट्रिक ओळख आणि यांत्रिक देखरेख यांना तर त्यात कायद्याचेच स्थान देण्यात आले. फसलेल्या प्रयोगाचा धडा न घेता त्यालाच राजमान्यता देण्याचा हा प्रकार आहे.

'सिस्टीम घेत नाही'

आपल्या श्रमिकांच्या इतिहासात अंगठ्याची एक विदारक कहाणी आहे. एके काळी कोऱ्या कागदावर अंगठा उमटला म्हणून जमीन गेली. आज यंत्रावर अंगठा उमटत नाही म्हणून धान्य जाते. ज्यांची बोटे चुना, सिमेंट, धुणीभांडी आणि खुरपणीने झिजली, त्यांच्याच बोटांवरील रेषा यंत्राला दिसत नाहीत. सप्टेंबर २०१७ मध्ये झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात ११ वर्षांची एक मुलगी मरण पावली. आधारशी जोडले नाही म्हणून तिच्या कुटुंबाचे रेशनकार्ड आधीच रद्द झाले होते. प्रशासनाने मृत्यूचे कारण मलेरिया सांगितले. आईने भूक सांगितली. कारणाविषयी वाद असेल, पण त्या घरातले धान्य बंद झाले होते, याविषयी वाद नाही. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने आधार योजना वैध ठरवतानाही, ओळख पटण्यातील यांत्रिक अपयशामुळे कुणाला लाभ नाकारला जाऊ नये, अशी अपेक्षा स्पष्ट केली. निकाल दिल्लीत राहिला. दुकानातले यंत्र तेच राहिले.

यात सर्वांत घातक बाब ही आहे, की नकार देणारा माणूसच नाहीसा झाला. पूर्वी कारकून अर्ज नाकारी. तो लाचखाऊ असेल, मुजोर असेल. पण त्याला नाव होते, हुद्दा होता. 'नाकारल्याचे लेखी द्या' म्हटले की त्याची पाचावर धारण बसे. त्याच्या टेबलासमोर ठिय्या देता येई. आता खिडकीतला मुलगा म्हणतो, 'सिस्टीम घेत नाही.' त्याचे खोटे नसते. तो कंत्राटी असतो, दर अर्जामागे कमिशनवर जगतो आणि त्याच्या हाती खरेच काही नसते. तहसीलदार म्हणतो, जिल्ह्याला विचारा. जिल्हा म्हणतो, मुंबईहून होईल. आणि पडद्यावर येणारा नकार पुष्कळदा इंग्रजीत असतो! डॉ. लोहियांनी ज्या भाषेच्या भिंतीवर धडका दिल्या, ती भिंत अशा रीतीने खेड्यातल्या सेवाकेंद्रात पुन्हा उभी राहिली आहे.

दलाल गेले, असे म्हणतात. दलाल गेले नाहीत, त्यांनी घर बदलले. तलाठ्याच्या दारातील मध्यस्थ आता छपाईयंत्र घेऊन बाजारपेठेत बसला आहे. अर्ज तोच भरतो, पासवर्ड त्याच्याजवळ, संदेश त्याच्या मोबाइलवर. अर्जात काय लिहिले हे अर्जदाराला ठाऊक नसते. २०२४ मध्ये निवडणुकीच्या तोंडावर 'लाडकी बहीण' योजनेचे अर्ज धडाक्याने भरून घेतले गेले. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच बहिणींवर ई-केवायसीची सक्ती झाली आणि पतीचे किंवा वडिलांचे आधार मागितले गेले. नवरा वारला, बाप वारला, नवऱ्याने टाकले, अशा बाईने त्या रकान्यात काय भरायचे? मुदती वाढवाव्या लागल्या. मते मागताना जी बहीण ओळखीची होती, तिची ओळख पैसे देताना अचानक संशयास्पद कशी ठरते?

यंत्र खोटे बोलत नाही?

'संगणक चुकत नाही' या अंधश्रद्धेची किंमत ब्रिटनसारख्या पुढारलेल्या देशानेही मोजली आहे. तेथील टपाल खात्याच्या कंपनीने १९९९ पासून आपल्या शाखांमधील कागदी हिशोब बंद करून 'होरायझन' नावाची फुजित्सू कंपनीची संगणकप्रणाली आणली. प्रणाली सदोष होती. ती नसलेल्या तुटी दाखवी. शाखा चालवणाऱ्या साध्या माणसांवर अफरातफरीचे खटले झाले. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक जण दोषी ठरले. काही तुरुंगात गेले, काहींनी घरे विकून न केलेली चोरी भरून दिली, काहींनी जीव दिला. मदतीसाठी दूरध्वनी करणाऱ्यांना 'ही अडचण फक्त तुम्हालाच येते आहे' असे सांगितले गेले. योगायोग असा, की संगणकी पुरावा देणाऱ्याने यंत्र नीट चालत असल्याचे दाखवावे, ही अट त्या देशाने १९९९ च्याच कायद्याने काढून टाकली होती. २०१९ मध्ये न्यायालयाने प्रणालीतील दोष मान्य केले, आणि २०२४ मध्ये संसदेला खास कायदा करून शिक्षा रद्द कराव्या लागल्या.

या कथेतून दोन बोध घेतले पाहिजेत. पहिला, नोंद जेव्हा एकाच पक्षाच्या ताब्यात असते, तेव्हा तिच्या खरेपणाचे ओझे दुबळ्यावर पडते. दुसरा, प्रत्येकाला 'तू एकटाच आहेस' असे भासवले की अन्याय वर्षानुवर्षे टिकतो. ते लोक एकमेकांना भेटले, तेव्हाच यंत्राचे खोटे उघडे पडले.

आपला कायदा याबाबतीत कुणाच्या बाजूने आहे? २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने इलेक्ट्रॉनिक नोंदीला मान्यता दिली. पण शासनाने दस्तऐवज इलेक्ट्रॉनिक स्वरूपात स्वीकारलाच पाहिजे असा आग्रह धरण्याचा हक्क नागरिकाला नाही, असे त्याच कायद्याचे कलम ९ बजावते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाप्रमाणे संगणकातील मजकुराची प्रत पुरावा म्हणून द्यायची तर सोबत विहित प्रमाणपत्र लागते. मजुराच्या मोबाइलमधले पडद्याचे चित्र न्यायालयात केवळ चित्रच. शासनाला आपल्या सोयीने कागद नाकारण्याची मुभा आहे. नागरिकाला मात्र आपल्या सोयीने कागद मागण्याची सर्वसाधारण हमी कुठेच नाही.

त्यातच १४ नोव्हेंबर २०२५ पासून आणखी एक कुऱ्हाड पडली. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणासाठी केलेल्या २०२३ च्या कायद्यातील कलम ४४(३) अमलात आले आणि माहितीच्या अधिकाराच्या कलम ८(१)(ञ) चे रूप पालटले. पूर्वी व्यापक जनहित असेल तर त्या कलमाखालीच वैयक्तिक माहितीही देता येत असे. आता त्या कलमात सरसकट 'वैयक्तिक माहिती' एवढेच कारण उरले. हजेरीपटावरील नावे, लाभार्थ्यांची यादी, कंत्राटदाराची बिले, यांतील काय 'वैयक्तिक' नाही? जनहिताचा दुसरा दरवाजा कायद्यात अजून आहे. पण तो उघडायचा की नाही हे माहिती दडवणाऱ्या खात्यानेच ठरवायचे. ब्यावरच्या धरण्यात जे मिळवले, ते अशा रीतीने मागच्या दाराने काढून घेतले जात आहे. कागद नको, कारण सारे पडद्यावर आहे. आणि पडद्यावरचे दाखवता येत नाही, कारण ते वैयक्तिक आहे!

झाडांच्या पुळक्याविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. खाणींसाठी जंगले तोडू देणाऱ्यांना आदिवासीच्या वनहक्क दाव्याच्या चार पानांत झाडे दिसावीत, हा विनोद आहे. आणि सुरक्षिततेचे म्हणाल तर यंत्रांनाही आग लागते. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील डेजॉन येथील सरकारी माहितीकेंद्राला आग लागली. शेकडो सरकारी सेवा बंद पडल्या, आणि अधिकाऱ्यांच्या ८५८ टेराबाइट दस्तऐवजांची दुसरी प्रत कुठेच नव्हती. मंत्रालय आणि डेजॉन, दोन्ही ठिकाणचा धडा एकच: जी नोंद एकाच जागी असते ती सुरक्षित नसते. ती अनेकांच्या हाती असली, तरच टिकते.

आपलीही चूक

हे सारे सरकारच्या माथी मारून आपण मोकळे होऊ शकत नाही. १९६० च्या दशकात आयुर्विमा महामंडळाच्या कर्मचाऱ्यांनी कलकत्त्यात संगणक बसू नये म्हणून पहारे दिले. १९८३ मध्ये बँक कर्मचारी संघटनांनी यांत्रिकीकरणाबाबत करार केला. नोकऱ्यांची ती चिंता रास्त होती. पण डाव्या आणि समाजवादी चळवळीने यंत्राचा विचार बहुतांशी कर्मचाऱ्यांच्या संख्येपुरता केला. खिडकीच्या पलीकडे उभ्या असलेल्या माणसाच्या हाती काय राहणार, हा प्रश्न आपण वेळेवर विचारला नाही. म्हणून 'हे लोक प्रगतीचे शत्रू' हा प्रचार यशस्वी झाला, आणि यंत्र जेव्हा खरोखर आले तेव्हा त्याच्या अटी ठरवताना आपण तेथे नव्हतो. आज पुन्हा 'संगणक नको' असे म्हणणे हा त्याच चुकीचा पुनरुच्चार ठरेल. आपली मागणी अटींची असली पाहिजे.

त्या अटी अशा. पहिली, हक्क, लाभ, मजुरी, जमीन यांविषयीच्या प्रत्येक नोंदीची सही-शिक्क्याची प्रत संबंधिताला न मागता आणि विनामूल्य मिळाली पाहिजे. नोंद बदलली की नवी प्रत. दुसरी, कोणताही नकार लेखी, मराठीत, कारणासह आणि जबाबदार अधिकाऱ्याच्या नावानिशी दिला पाहिजे. 'सिस्टीम घेत नाही' हे कारण कायद्याने अमान्य ठरावे. तिसरी, पूर्वसूचना आणि ग्रामसभेतील वाचन यांशिवाय एकही नाव वगळता कामा नये, आणि नोंद बरोबर असल्याचे सिद्ध करण्याचे ओझे शासनावर असावे. चौथी, वीज, लहर किंवा अंगठा यांपैकी काहीही फसले तर त्याच दिवशी, त्याच जागी वहीत नोंद करून धान्य आणि हजेरी दिली पाहिजे. पाचवी, माहितीच्या अधिकारातील कलम ८(१)(ञ) पूर्ववत झाले पाहिजे, आणि हजेरीपट, शिधावाटप व लाभार्थी याद्या गावच्या भिंतीवर लिहिल्या गेल्या पाहिजेत.

साथींनो, या मागण्या निवेदनात लिहून कलेक्टर कचेरीत देणे हे काम एका दिवसाचे आहे. खरे काम त्याच्या आधीचे आहे. आपल्या प्रत्येक शाखेत एक वही घातली पाहिजे. कुणाचे धान्य कोणत्या तारखेला, कोणत्या दुकानात, कोणते कारण सांगून नाकारले. कुणाची हजेरी बुडाली. कुणाचे नाव उताऱ्यातून गळले, हे त्या वहीत लिहून खाली त्या माणसाची सही किंवा अंगठा घ्यावा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ प्रमाणे अर्जाची पोच मिळणे हा हक्क आहे. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये, हे गावोगाव शिकवावे. घरोघरच्या ट्रंकांतले जुने उतारे, पावत्या, जॉबकार्डे सांभाळून ठेवायला सांगावे. आणि वर्षातून एकदा, सरकारने घेतले नाही तरी, आपण चावडी वाचन घ्यावे. पडद्यावरच्या याद्या छापून आणाव्यात आणि लोकांसमोर मोठ्याने वाचाव्यात. 'फक्त माझेच असे झाले' असे समजून घरी गप्प बसलेली माणसे त्या दिवशी एकमेकांना भेटतील.

सुप्याच्या शेतकऱ्यांनी कागद जाळले, कारण त्यांना प्रत मागण्याचा हक्कच नव्हता. तो हक्क त्यांच्या बंडाने पुढच्या पिढ्यांना मिळवून दिला. आपल्याला काही जाळायचे नाही. त्यांनी मिळवलेली ती प्रत हातची जाऊ द्यायची नाही, एवढेच आपल्या वाट्याचे काम आहे, आणि ते पुढच्या रेशनच्या दिवसापासून सुरू करता येईल.